खर्जाची खरेदी

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस ‘कुठल्या कंपनीचा?’ असं विचारत नाही. तो भोपळा निरखतो, दांडी सरळ आहे का ते पाहतो आणि मग विचारतो, ‘जवारी कुणी लावलीय?’ घोडीच्या माथ्यावरचा केसभर उतार चुकला तर उरलेलं सगळं लाकूड वाया, हे त्यालाही ठाऊक असतं आणि विकणाऱ्यालाही. तोच माणूस लेकीसाठी बेस गिटार घ्यायला मुंबई-पुण्याच्या दुकानात शिरतो, तेव्हा मात्र त्याचं सगळं शहाणपण दाराबाहेर चपलांशेजारी राहतं. भिंतीवर पंधरा-वीस बेस टांगलेल्या, बहुतेकींना चार तारा, सगळ्या चकचकीत, आणि किमती अकरा-बारा हजारांपासून थेट लाखाच्या वर. ‘यातली चांगली कंपनी कोणती?’ हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा, ‘जरा कमी होईल का?’

या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या पहिल्या प्रश्नाबद्दल आहे. दुसरा ठीकच आहे. तो मीही विचारतो.

माझी पहिली बेस मी कॉलेजात असताना घेतली. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्यांचे जमलेले पैसे आणि वडिलांकडून उसने घेतलेले, असं मिळून. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तशी दुकानं तेव्हा गल्लोगल्ली होती. सातव्या पडद्याच्या पुढे तिची तार इतकी उंच जायची की दाबताना डाव्या हाताला रग लागायची. दोन वर्षं मी समजत होतो, माझी बोटं कच्ची आहेत. स्प्रिंगचं हँडग्रिप आणून रात्री दाबत बसायचो. मग वसईच्या एका लग्नात, दुसऱ्या बँडबरोबर आलेल्या एका वयस्कर अंकलनी जेवणाच्या सुट्टीत माझी बेस सहज उचलली. सुतार फळीची धार पाहतो तशी एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून पाहिली आणि म्हणाले, ‘तुझी बोटं धड आहेत रे. हिची मान वाकलीय.’ पाकिटातून ॲलन की काढली. पाव फेरा फिरवला, थांबले, पुन्हा पाव फेरा. मग घोडीवरचे बारके स्क्रू. अर्ध्या तासाने त्यांनी जी बेस माझ्या हातात दिली ती माझीच होती, पण मी ती कधी वाजवलेली नव्हती. पैसे घेतले नाहीत. गुलाबजाम मात्र दोनदा मागून घेतले.

त्या दिवशी मला कळलं की दोन वर्षं मी बेसची नव्हे, एका न फिरवलेल्या स्क्रूची किंमत मोजत होतो. पुढे बऱ्याच बेस हाताखालून गेल्या. काही विकत घेतल्या, काही दुसऱ्यांसाठी निवडून दिल्या, काहींच्या बाबतीत ‘ही नको’ म्हणून दुकानातून लोकांना ओढून बाहेर आणलं. त्यातून जे उमगलं ते पुढच्या प्रकरणांत आहे. इथे त्यामागचा विचार तेवढा मांडतो.

आधी थोडं मागे जाऊ. बेस गिटार हे वाद्यच मुळी गैरसोयीतून आणि काटकसरीतून जन्मलेलं आहे. डबल बास माणसाहून उंच. तो गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि एवढं करून ड्रम-ट्रंपेटच्या गदारोळात त्याचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. १९३० च्या दशकात सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने पडदे असलेली, आडवी धरायची विजेवरची बेस करून पाहिली होती, पण ती रुजली नाही. रुजली ती १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरने काढलेली. हा गृहस्थ मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, त्याने वाद्य दुरुस्तीच्या नजरेने आखलं. अंग म्हणजे एक फळी. मान चार स्क्रूंनी बसवलेली, बिघडली तर काढून दुसरी लावता यावी म्हणून. तारेची वाजती लांबी ३४ इंच. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. १९५७ मध्ये त्याने पिकअपचे, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी पट्टीचे, दोन तुकडे करून मागेपुढे बसवले, आणि १९६० मध्ये निमुळत्या मानेची, दोन पिकअपची ‘जॅझ बेस’ आणली.

हे सगळं आज सांगायचं कारण असं की दुकानातल्या भिंतीवर ज्या पंधरा-वीस लटकलेल्या असतात त्यातल्या बहुतेक या दोघींच्याच नाती आहेत. ‘पी’ म्हणजे मधोमध एकच, दोन तुकड्यांत कापलेला पिकअप. आवाज जाड, गोल, मधल्या पट्टीत भरलेला. ‘जे’ म्हणजे दोन बारीक पिकअप. आवाज जरा टोकदार, आणि नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, मान सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे ‘पी’पेक्षा तीन-चार मिलिमीटरनी अरुंद. ‘पीजे’ म्हणजे दोन्हींची खिचडी, आणि कमी किमतीच्या वाद्यांत हल्ली तीच जास्त शिजते. एवढं कळलं की भिंतीवरची अर्धी गर्दी ओसरते.

कमी पैशांत बेस घेणाऱ्याने एक हकीकत लक्षात ठेवावी. १९६१ साली पॉल मॅकार्टनी हॅम्बर्गमध्ये बेस शोधत होता. फेंडर शंभर पौंडांच्या घरात होती, तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. तीसेक पौंडांत व्हायोलिनच्या आकाराची जर्मन हॉफनर मिळत होती. तो डावखुरा, दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्यामुळे ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. घेतली. बीटल्सच्या पहिल्या काळातल्या गाण्यांचा खर्ज त्या तीस पौंडांतून आला. ती बेस १९७२ मध्ये चोरीला गेली आणि २०२४ मध्ये सापडल्याची बातमी जगभर झाली. तारेची लांबी आखूड, अंग पोकळ, वजन जेमतेम. आजच्या कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात ती तळाशी बसली असती.

दुसरी हकीकत जरा वेगळी. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजलेला जेम्स जेमरसन १९६२ ची प्रिसिजन वाजवायचा. वाद्य उत्तम. पण त्याच्या तारा जाड, सपाट वेढ्याच्या आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या; तारांची उंची इतरांना वाजवता येऊ नये इतकी; आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. आमच्या ऑर्केस्ट्रात कुणी असा आला असता तर पहिल्याच तालमीत चारजणांनी त्याला सल्ले दिले असते. पण यावरून वाकडी मानही चालते असा अर्थ काढू नका. जेमरसनचा हात डबल बासवर घडलेला होता, त्याला ती उंची रुचत होती. माझी मला चिकटलेली होती.

आता पैशांकडे येतो. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी फेंडरच्या नकला इतक्या नेटक्या करायला सुरुवात केली की मूळ कंपनीला घाम फुटला. १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्येच स्वतःची शाखा उघडली आणि ‘स्क्वायर’ हे नाव बाहेर काढलं. मुळात ते मिशिगनमधल्या तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचं, जी फेंडरने १९६५ मध्ये विकत घेतली होती. त्या सुरुवातीच्या जपानी स्क्वायर आज संग्राहक भलत्या किमतीला घेतात. पुढे काम कोरियात गेलं, मग चीन आणि इंडोनेशियात. कोरियाच्या कॉर्टचा इंडोनेशियातला कारखाना स्वतःच्या नावाखेरीज दुसऱ्या नामवंत नावांसाठीही वाद्यं बनवतो. लाकूड कापायचं, पडद्यांच्या खाचा पाडायच्या, मानेला गोलाई द्यायची ही कामं आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात. यंत्राला बारा हजारांची मान आणि पन्नास हजारांची मान यांत फरक करता येत नाही.

मग वरचे अडतीस हजार जातात कुठे? काही नावात जातात, ते सोडून देऊ. बाकीचे यंत्रानंतर हात किती वेळा फिरला, यात. पडद्यांची टोकं घासली का, उंच राहिलेला पडदा ठोकून समतल केला का, नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कोरल्या का, डब्यात घालण्याआधी कुणी वाजवून पाहिली का. महाग बेसमध्ये हे झालेलंच असतं. स्वस्त बेसमध्ये कधी झालेलं असतं, कधी नसतं. माझा अनुभव असा की एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन स्वस्त बेसमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा कित्येकदा शेजारच्या दोन कंपन्यांच्या मॉडेलांत निघत नाही. थोडक्यात, जास्तीचे पैसे मोजून तुम्ही खात्री विकत घेता. ते पैसे नसतील तर ती खात्री स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी करून घ्यायची. जे तपासायचं ते कंपनीच्या नावात नाही, हातात असलेल्या त्या एका नगात आहे.

म्हणून या पुस्तकात मॉडेलांचे तक्ते थोडे आहेत. नावं अर्थातच येतात, ती टाळून चालत नाही. हे लिहीत असताना दहा ते पंधरा हजारांत भारतीय नावाने विकल्या जाणाऱ्या बेस मिळतात, आणि वीस ते पस्तीस हजारांच्या पट्ट्यात यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर यांच्या खालच्या पायरीवरच्या. किमती महिन्या-महिन्याला हलतात, म्हणून आकडे ढोबळ ठेवले आहेत. यामाहाची टीआरबीएक्स १७४ घ्या: पीजे पिकअप, चोवीस पडदे, बॅटरीची भानगड नाही. आयबानेझची जीएसआर २०० हलकी, मान पातळ, आणि तिला बॅटरीवर चालणारं, खर्ज फुगवणारं एक बटण. स्क्वायरची ॲफिनिटी जुन्या फेंडरच्या आकाराशी इमान राखून, वीस पडद्यांवर समाधानी. या तिघींत ‘सर्वांत चांगली’ कोणती, असं मला विचारलंत तर मी विचारेन, तुमच्या समोर कोणती टांगलेली आहे? ती खाली काढा.

खाली काढली की लगेच ॲम्पला जोडू नका. हे दुकानदाराला आवडत नाही, कारण ॲम्पमधला खर्ज वाढवला की कुठलीही बेस रुबाबदार वाटते. आधी कोरडीच वाजवा. वरच्या शिंगावर कान टेकवा, सगळं ऐकू येतं. चार तारा आणि वीस पडदे म्हणजे ऐंशी जागा; प्रत्येक जागी एकदा तार छेडायला पाच मिनिटं पुरतात. कुठे तार खरखरते, कुठे स्वर पटकन मरतो ते बघत जा. पहिल्या तारेवर, म्हणजे सर्वांत बारीक ‘जी’वर, पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास स्वर लवकर विझण्याची खोड या जातीच्या पुष्कळ वाद्यांत असते, महागड्यांतही. मानेच्या स्वतःच्या कंपनाशी तो स्वर जुळतो आणि मान त्यातली शक्ती गिळून टाकते. थोडा विझला तर चालेल. ठप्प झाला तर दुसरी मागा.

खरखर ऐकून आपल्या माणसाचा थोडा गोंधळ होतो, हेही मी पाहिलं आहे. तंबोऱ्यात तीच खरखर आपण जिवाची मानतो, तारेखाली दोरा सरकवून ती उघडतो. बेसमध्ये पाश्चात्त्य कारागीर ती दोष मानतो, पण सरसकट नव्हे. जोरात वाजवणाऱ्यांपैकी कित्येकांना पडद्यावर तारेचा हलका कचकचाट हवाच असतो. म्हणून खरखर ऐकली की एवढंच पाहायचं: ती सगळीकडे सारखी आहे, की एकाच पडद्यावर? सगळीकडे सारखी असेल तर तार जरा खाली आहे, घोडीचा स्क्रू फिरवला की गेली. एकाच ठिकाणी असेल तर तिथला पडदा उंच-सखल आहे, आणि ते काम कारागिराचं.

तुलना करताना हाच चाळणीचा दांडा धरून ठेवा. बरे होणारे दोष आणि न बरे होणारे दोष वेगळे काढायचे. तारांची उंची, बाराव्या पडद्यावर स्वर किंचित चढा किंवा उतरा लागणं, गंजक्या तारा, बटण फिरवताना येणारा खरखराट, हे सगळं बरं होतं, आणि यातलं बरंच आपल्याला घरी करता येतं. याउलट मान पिळलेली असेल, म्हणजे एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने कललेली. मानेच्या पोटातली, तिचा बाक सांभाळणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून झालेला असेल. मान आणि अंग यांच्या सांध्यात कागदाची घडी सरकेल एवढी फट असेल. किंवा पट्टा अडकवून दोन्ही हात सोडले की मान जमिनीकडे झेपावत असेल, तर रंग कितीही मोहक असो, नमस्कार करून निघा. तीन तासांच्या कार्यक्रमात तो झेपावणारा तोल डावा खांदा सांभाळतो, आणि चार किलोचं वाद्य रात्री बारा वाजता आठ किलोचं होतं.

आवाजाबद्दल मी मुद्दाम उशिरा बोलतो आहे. हल्ली तुलना म्हणजे मोबाइलवर पाच बेसचे पाच व्हिडिओ लागोपाठ पाहणं. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर ई. सेकंदाला सुमारे ४१ कंपनं. वरच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास असतो, म्हणजे बेसची जाड तार त्याच्याही बरीच खाली जाते. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा आवाज निघूच शकत नाही. तरी आपण बेस ऐकल्याची शपथ घेतो, कारण त्या स्वरासोबत निघणारे ८२, १२३, १६५ असे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान खालचा स्वर स्वतःच रचून घेतो. तंबोऱ्यात न लावलेला गांधार ऐकू येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणून ते व्हिडिओ पाहा. निदान चांगले हेडफोन लावून पाहा. पण त्यात तुम्ही बेसची तुलना करत नसता. वाजवणाऱ्याच्या बोटांची, तारांच्या नवेपणाची आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या कौशल्याची करत असता. नव्या तारांचा लखलखाट तर महिन्या-दोन महिन्यांत घामाने उतरतो. बेसच्या तारांचा चांगला संच दीड ते अडीच हजारांना पडतो, हेही हिशेबात धरा.

आपल्याकडे बेस ऐकायची सवय लावली ती हिंदी सिनेमाने, आणि तीही आपल्या नकळत. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याहून आलेले वादक होते. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळातली गाणी आपण शब्दांनी आणि चालीने लक्षात ठेवली, पण पाय हलवले ते त्या खालच्या स्वरांनी. बेस असताना तिच्याकडे लक्ष जात नाही. ती थांबली की मात्र गाणं एकदम उघडं पडतं. निवड करताना म्हणून मी लोकांना सांगतो, एकटी वाजवून भुलू नका. मोबाइलवर आवडतं गाणं लावा आणि त्याच्याबरोबर वाजवा. एकटीने गोड वाटणारी बेस ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीत कित्येकदा विरघळून जाते, आणि एकटीने जरा ओबडधोबड वाटणारी ‘पी’ तिथे छान उभी राहते.

ॲम्पवर या पुस्तकात एक लांब प्रकरण आहे, कारण पैशांची सर्वांत मोठी चूक तिथे होते. तीस हजार हातात असतील तर लोक अठ्ठावीसची बेस घेतात आणि उरलेल्या दोन हजारांत जुना गिटारचा ॲम्प आणतात. त्याचा स्पीकर बेसचा खर्ज पेलण्यासाठी बनलेला नसतो. आवाज वाढवला की आधी फाटका येतो आणि पुढे स्पीकरच फाटतो. मी म्हणेन, वीसपर्यंत बेस, सातेक हजारांत बेससाठीचाच छोटा ॲम्प, उरलेल्यात रुंद पट्टा, बरी केबल, ट्यूनर आणि पिशवी. मंचावर मोठा ॲम्प लागतोच असं नाही. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेस बहुतेकदा डी.आय. नावाच्या छोट्या जोडपेटीतून थेट मिक्सरला जाते. घरी तर हेडफोन बरे. खालचे स्वर भिंती आणि स्लॅब ओलांडून जातात. तुम्हाला जेमतेम ऐकू येणारा रियाज खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भांड्यांच्या मांडणीला कळतो. आमच्या सोसायटीच्या एका सभेत मी विषय क्रमांक चार होतो.

आणखी एक घरगुती गोष्ट. जुन्या इमारतींत सॉकेटला धड अर्थिंग नसतं. तिथे बेस जोडली की घूंऽऽ असा आवाज येतो आणि माणूस बेसला नावं ठेवतो. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर बहुधा वाद्य ठीक आहे. परत करायला धावण्याआधी दुसऱ्या घरी जोडून पाहा. आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, ते बेसपेक्षा तुमच्या जिवासाठी.

हवेचं प्रकरणही इथलंच आहे, परदेशी पुस्तकांत ते मिळत नाही. कोकण, मुंबई, गोव्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं आणि मान हलते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते सुकून आक्रसतं, आणि पडद्यांची धातूची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. दोन्ही आजार बरे होणारे. मानेसाठी सोपी चाचणी अशी: जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांतली फट पाहा. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा आवळा आणि रात्रभर थांबा. फटच नसेल तर तेवढाच सैल करा. त्या अंकलनी पाव फेऱ्यावर हात का थांबवला, ते मला फार उशिरा कळलं: लाकूड उत्तर द्यायला वेळ घेतं.

लाकडाच्या जातींवर लिहा, असा आग्रह काही मित्रांनी केला. पॉप्लर, महोगनी, ओकूमे वगैरे. या किमतीत लाकडाच्या जातीपेक्षा त्याचं वजन आणि सुकेपणा महत्त्वाचा, एवढं लिहून मी तो विषय मिटवला आहे. भांडायचं असेल त्यांनी चहा पाजून भांडावं.

चार तारा की पाच, यावर मात्र माझं मत ठाम होतं आणि पुस्तक लिहिताना ते जरा सैल झालं. पाचवी तार बीची, ३१ कंपनांची. ३४ इंची स्वस्त बेसवर ती पुष्कळदा ओल्या दोरीसारखी लोंबते, स्वर लागतो पण धरवत नाही. म्हणून पहिली बेस चार तारांचीच घ्या, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ज्याला लगेच ऑर्केस्ट्रात उतरायचं आहे त्याची अडचण खरी आहे. गायिका आयत्या वेळी पट्टी बदलते, आणि पाचवी तार असेल तर तोच साचा उचलून दुसऱ्या जागी ठेवता येतो. अशा माणसाने पाच तारांची घ्यावी, पण बीवर पाचव्या पडद्यावरचा ई आणि शेजारच्या तारेचा मोकळा ई आलटून पालटून वाजवून, दोन्हींत स्वर सारखाच ठाम आहे का ते ऐकूनच. लहान मुलांसाठी आणि आखूड हातांसाठी ३० इंची बेस मिळतात; आयबानेझची छोटी मायक्रो तर २८.६ इंचांची आहे. त्यांना खेळणं समजू नका. मॅकार्टनीची हॉफनरही ३० इंचीच. डावखुऱ्यांची मात्र आपल्याकडे परवडच आहे, दुकानात वाजवून पाहायला एकही नग नसतो. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण लिहिलं आहे, आणि ते या पुस्तकातलं सर्वांत छोटं प्रकरण आहे याची मला खंत आहे.

सेकंडहँडला लोक घाबरतात. मला तर कमी पैशांतला तोच सर्वांत चांगला रस्ता वाटतो. कॉलेजचा बँड मोडतो, मुलगा नोकरीला बेंगळुरूला जातो, आणि जेमतेम वाजलेली बेस कपाटावर धूळ खात पडते. तीन-चार पावसाळे काढूनही जिची मान सरळ राहिली, तिने अर्धी परीक्षा आधीच दिलेली असते. नव्या डब्यातल्या बेसने ती द्यायची अजून असते. तारा गंजक्या दिसल्या तर आनंद माना. किंमत उतरते आणि दोष दोन हजारांचा असतो. विकणाऱ्यासमोर ट्रस रॉड एकदा दोन्हीकडे थोडा फिरवून दाखवायला मात्र सांगा. तो नाही म्हणाला तर चहा संपवून उठा.

हे पुस्तक कसं वाचावं याबद्दल एक सूचना. वाजवायला शिकवण्याचा दावा यात कुठेही नाही. त्यासाठी गुरू गाठा. खरेदी लांब असेल तर सुरुवातीपासून वाचा. उद्याच दुकानात निघाला असाल तर तिसरं प्रकरण वाचा आणि बाकीचं आल्यावर. जाताना खिशात एक व्हिजिटिंग कार्ड, एक ॲलन की आणि एक ९ व्होल्टची बॅटरी ठेवा. बॅटरी यासाठी की बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असलेल्या बेसमध्ये केबल खोचलेली राहिली की बॅटरी गुपचूप संपत राहते, आणि दुकानातल्या नगात केबल बहुधा खोचलेलीच असते. मग ती बेस घशात गुळणी धरल्यासारखी बोलते आणि गिऱ्हाईक तिला नाकारून पुढे जातं. बॅटरी बदलायला मला एकदा एका दुकानात मिनिटभर लागलं. ती बेस चौदा वर्षं झाली, माझ्याकडेच आहे.